धारचा खंदक: साडेबारा तलाव, धूळकोट आणि लाल दगडाचा किल्ला

इंदूरची मराठी मंडळी धारला जातात ती बहुधा गडकालिकेच्या दर्शनाला, नाहीतर मांडूला जाताना वाटेत तासभर थांबायला. त्यातले काही जण दुसऱ्या बाजीरावाचं जन्मस्थान म्हणून किल्ला बघतात. भुईकोट म्हटला की खंदक हवाच, या हिशेबाने टेकडीखाली नजर टाकतात, काही दिसत नाही, आणि गाडी मांडूच्या रस्त्याला लागते. खरं तर तोवर खंदक त्यांनी बघितलेला असतो. गडकालिकेच्या टेकडीखालचा देवीसागर, पवारांच्या छत्र्यांजवळचा मुंज तलाव ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. मात्र हे तलाव नगराभोवतीच्या एकाच जुन्या रचनेचा भाग आहेत, हे जागेवर सांगणारं कुणी भेटत नाही.

धारमधलं सर्वांत जुनं बांधकाम दगडाचं नाही, मातीचं आहे. नगराभोवती मातीचा प्रचंड तट होता. मराठीत आणि माळव्यातही त्याला धूळकोट म्हणतात. नवव्या शतकाच्या आरंभी तो उभा राहिला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आज पश्चिमेला आणि दक्षिणेला तो सर्वांत चांगला टिकला आहे. उरलेल्या तुकड्यांवरून नगराचा आराखडा गोल होता हे कळतं, आणि तटाबाहेर खंदकांची व तलावांची माळ होती. असा गोल मातीचा कोट पुढे काकतीयांच्या वरंगळला दिसतो.

हे नगर परमार राजांचं. विदिशेजवळच्या उदयपूरच्या प्रशस्तीत, म्हणजे राजांची स्तुती करणाऱ्या शिलालेखात, त्यांच्यातल्या वैरिसिंहाबद्दल एक श्लेष आहे: त्याने तलवारीच्या धारेने धारा आपली असल्याचं दाखवून दिलं. मराठी कानाला हा श्लेष समजावून सांगावा लागत नाही. मुंज तलावाचं नाव वाक्पती मुंजाशी जोडलेलं आहे. त्याचा पुतण्या भोज (सुमारे १०१० ते १०५५) याने उज्जैनऐवजी धारा ही राजधानी केली. वास्तुशास्त्रावरचा ‘समरांगणसूत्रधार’ त्याच्याच नावावर आहे. एवढं करूनही नगर अजिंक्य राहिलं नाही. भोजाच्या हयातीतच कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने धारा लुटली, आणि बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुजरातच्या सिद्धराज जयसिंहाने ती घेतली.

धूळकोट कसा बांधत, याचं नेमकं वर्णन कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. एकामागे एक तीन खंदक, रुंदी १४, १२ आणि १० दंड. दंड म्हणजे चार हात, साधारण १.८ मीटर, म्हणजे सर्वांत रुंद खंदक २५ मीटरच्या आसपास. खंदकातून निघालेल्या मातीचाच तट करायचा, खंदकापासून चार दंड आत, सहा दंड उंच आणि त्याच्या दुप्पट रुंद. हत्ती आणि बैल फिरवून माती तुडवायची, वर काटेरी झुडपं आणि विषारी वेली लावायच्या. धारचा तट या मापानेच बांधला असं कुणी म्हणू नये; पण काम किती मोठं असतं ते यावरून समजतं. सहा दंड उंच आणि बारा दंड रुंद तटाचा छेद त्रिकोणी धरला, तरी एक मीटर लांबीला जवळजवळ ११७ घनमीटर माती लागते. एक माणूस दिवसाला दोन घनमीटर खणतो असं मानलं तर दर मीटरला साठ दिवसांची नुसती खणाई, वाहतूक आणि तुडवणी वेगळी. गोल आकाराचा फायदा इथेच होतो. एक चौरस किलोमीटर नगर चौकोनी केलं तर तट चार किलोमीटर लागतो, गोल केलं तर साडेतीनच्या थोडा वर. जवळजवळ अर्धा किलोमीटर खणाई वाचते.

आता प्रश्न उरतो तो सलग खंदकाऐवजी तलावांचा. धारला ‘साडेबारा तलावांचं गाव’ म्हणतात, ते का? याचं उत्तर जमिनीच्या उतारात आहे. पाणी सपाटी धरतं, पण नगराभोवतीची जमीन सपाट नसते. उतारावर गोल खंदक सलग खणला तर वरच्या बाजूचं पाणी खालच्या बाजूला जाऊन साठतं आणि वरची बाजू कोरडी पडते. शत्रू नेमका तिथूनच येणार. त्यावर उपाय एकच: मधे आडवे बांध घालून खंदकाचे वेगवेगळ्या पातळीचे कप्पे करायचे. वरचा भरला की सांडव्यातून पाणी खालच्यात उतरतं. वेशींसमोर ये-जा करायला मातीचे बांध ठेवावे लागत, तेही कप्पेच पाडत. नगर विस्तारलं, तट मोडला, मधले उथळ भाग बुजले आणि खोल कप्पे तलाव म्हणून उरले. फोनवर उपग्रहाचं चित्र उघडून धार थोडं लांबून बघावं. विखुरलेले वाटणारे तलाव नगराला वळसा घालणाऱ्या कमानीवर कसे बसतात ते ध्यानात येतं. मगच जागेवर जावं, म्हणजे कुठे उभं राहायचं ते कळतं.

पाणी टिकण्याचं श्रेय माळव्याच्या काळ्या मातीला. ओली झाली की ही माती फुगते आणि पाणी झिरपू देत नाही. उन्हाळ्यात मात्र तिला भेगा पडतात, आणि पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून आत जातं. तटाचं नुकसान इथूनच सुरू होतं: आत शिरलेलं पाणी बाहेर पडताना उतार घसरवतं, घळ पडते, आणि एकदा पडलेली घळ दर पावसाळ्यात रुंदावते. गुरं आणि माणसं एकाच वाटेने सरळ वर चढली की त्या वाटेचीही घळ होते. म्हणून धूळकोटावर चढताना असलेली पायवाट धरावी; नसेल तर तिरकं चढावं, गवत उपटू नये.

रस्त्यासाठी किंवा घरासाठी पाळ कापली गेली असेल तिथे दहा मिनिटं थांबावं, कारण बांधणी तिथे उघडी दिसते. शेतात वर काळी माती आणि खाली पिवळसर मुरूम असतो. खंदक खणताना काळी माती आधी निघते म्हणून ती तटात तळाशी जाते, आणि नंतर निघालेला मुरूम तिच्यावर पडतो. म्हणजे तटात हा क्रम उलटा. पिवळा थर वर आणि काळा खाली असेल, तर ती माती माणसाने टाकलेली आहे असं समजायला हरकत नाही. पाळीत खापराचे तुकडे दिसले तर हात लावू नये. ते तट बांधण्याआधीचे किंवा फार तर त्या काळचे असतात, आणि कोणत्या थरात सापडले यावरच त्यांचं मोल ठरतं. खिशात घातलेलं खापर कुणाच्याच उपयोगाचं राहत नाही.

जाण्याची वेळ ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरभर. तलाव भरलेले असतात आणि पाळीवरचं गवत वाळायला लागलेलं असतं. ऑगस्टमध्ये काळी माती बुटाला किलोभर चिकटते आणि उंच गवतात सापाचं भय असतं. इंदूरहून अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. गंगवाल बसस्टँडवरून बस मिळते, बेटमा आणि घाटाबिल्लोद मागे टाकून रस्ता सरळ धारला जातो. सकाळी आधी मुंज तलाव आणि छत्र्या, ऊन चढण्याआधी धूळकोट, आणि किल्ला शेवटी. उलटा क्रम धरला की लोक किल्ल्यातच दमतात आणि मातीचा कोट राहून जातो.

लाल दगडाचा किल्ला पाचशे वर्षं नंतरचा. १३४४ च्या सुमारास महंमद बिन तुघलकाने तो बांधला. दौलताबादच्या वाटेवरचं हे ठाणं होतं, आणि त्याच जागी जुन्या ग्रंथांत येणारं धारागिरी असावं. किल्ला वेगळ्या विचाराचा आहे: सगळं नगर वेढण्याऐवजी एक लांबट टेकडी निवडून तिच्या आकाराप्रमाणे तट नेलेला. एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनात तटाची उंची सुमारे ३० फूट आणि बुरूज सोळा दिलेले आहेत, चौदा गोल आणि दोन चौकोनी. फिरताना ते मोजत जावं. एका दरवाज्यावर १६८४-८५ सालचा, म्हणजे औरंगजेबाच्या काळातला लेख आहे. आत खडकात खोदलेलं खोल टाकं आहे, ते बरंच जुनं. टेकडीवरच्या किल्ल्याला वेढा पडला की लढाईचा निकाल अशा टाक्यावर ठरतो. म्हणून महालाच्या आधी टाकं बघावं. कडेला कठडा आहे असं गृहीत धरू नये, मुलांचा हात सोडू नये. महालाच्या आवारात मध्ययुगीन मूर्ती आणि देवळांचे अवशेष मांडलेले आहेत.

मराठ्यांचा संबंध १७२८ पासून घट्ट झाला. २९ नोव्हेंबरला अमझेऱ्याजवळ चिमाजी अप्पाने मोगल सुभेदार गिरधर बहादूरचा पाडाव केला. उदाजी पवार आणि मल्हारराव होळकर बरोबर होते. पुढे धार पवारांकडे आलं. बारभाईंच्या धामधुमीत राघोबादादांनी गरोदर आनंदीबाईंना याच किल्ल्यात ठेवलं, आणि १० जानेवारी १७७५ रोजी दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. खरबुजा महाल दाखवून ‘इथेच’ असं सांगतात. राघोबांची बाजू घेतल्याबद्दल पुणेकरांच्या फौजेने किल्ल्याला वेढा घातला, आणि खंडेराव पवारांना आई आणि मूल त्यांच्या स्वाधीन करावं लागलं.

किल्ल्याची खरी परीक्षा १८५७ मध्ये झाली. गादीवर आनंदराव तिसरे, वय लहान. किल्ला अरब आणि विलायती, म्हणजे अफगाण, शिबंदीच्या ताब्यात. ब्रिगेडियर स्टुअर्टच्या फौजेने ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तोफा डागल्या, तटाला खिंडार पडलं, आणि ३१ तारखेच्या रात्री हल्ल्याआधीच शिबंदी अंधारातून निसटली. इंग्रज आत शिरले तेव्हा किल्ला रिकामा होता. संस्थान जप्त झालं आणि १८६० मध्ये परत मिळालं, पण बैरसिया परगणा वगळून. तो भोपाळच्या सिकंदर बेगमेला दिला गेला.

इथे भरतपूरची आठवण येते. १८०५ मध्ये यशवंतराव होळकर तिथे आश्रयाला होते, आणि इंग्रज सेनापती लेक याच्या चार चढाया त्या कोटाने परतवल्या. तो कोट मातीचा होता, भोवती पाण्याने भरलेला खंदक. दगडी तटावर गोळा आदळला की दगड फुटतो, सांधा निसटतो, वरचा थर ढासळतो आणि पडलेल्या राडारोड्याचाच चढायला उतार होतो. मातीच्या तटात गोळा रुततो. धारचा धूळकोट तोवर मोडून गेला होता आणि लढायला दगडी तट तेवढा उरला होता.

मुंज तलावाच्या काठच्या छत्र्या त्या पवारांच्या. तलावांना आज जलपर्णी, गाळ, काठावरची बांधकामं आणि विसर्जनाच्या प्लास्टरच्या मूर्ती या चारही गोष्टींचा त्रास आहे. यातला गाळ सर्वांत दुर्लक्षित. एका कप्प्याचा सांडवा बुजला की पाणी पुढच्यात जात नाही, आणि मग एक तलाव काठोकाठ भरून घरांत शिरतो तेव्हा शेजारचा अर्धाच असतो. काठावर उभं राहिल्यावर पाणी कुठून येतं आणि कुठे बाहेर पडतं हे आधी शोधावं. बाहेर पडायची वाट सापडली की तिच्या दिशेने चालत जावं. ती बुजलेली नसेल, तर पुढचा तलाव त्याच वाटेवर भेटतो.