मंडप भरला म्हणजे संजीवन आलं का?

आमच्या विदर्भातल्या खेड्यांत वर्षानुवर्षं एक समज चालत आलाय: बाहेरचा मोठा वक्ता आणा, मंडप टाका, दोन-तीन रात्री संजीवन सभा घ्या, की मंडळीत, म्हणजे गावच्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांत, संजीवन येतं, विश्वास नव्यानं जागा होतो. हे खरं नाही.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधलं 1905 चं संजीवन बहुतेकांना ऐकून ठाऊक आहे. सांगताना जून महिन्याचीच गोष्ट होते. पण रमाबाईंनी जानेवारीतच रोज प्रार्थनेला बसणाऱ्या बायका-मुली मागितल्या होत्या आणि सत्तर जणी पुढे आल्या. पुढचे महिने त्या रोज बसत राहिल्या, संख्या वाढत गेली. जूनमध्ये संजीवन दिसलं ते त्यानंतर.

प्रभू येशूचा पेरणाऱ्याचा दाखला आपल्या वावरात रोज दिसतो. मुरमाड जागी बी लवकर उगवतं, अन् पावसानं पंधरा दिवस दडी मारली की माना टाकतं. काळ्या मातीतली तूर मात्र सोटमुळावर तग धरते. बायबलातल्या कलस्सैकरांस पत्रात प्रेषित पौलही ख्रिस्तामध्ये ‘मुळावलेले’ असाच शब्द वापरतो. सभा वाईट नाहीत. मीही त्यात रडलोय. पण दुसऱ्या दिवशी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं नाही, तर ते रडणं मंडपासोबतच उठतं.

आमच्या गावातल्या एका आजीच्या पवित्र शास्त्रात स्तोत्रांची पानं बोटांनी काळवंडलीत, खुणेला कापसाच्या वाती ठेवल्यात. निंदणावरून आल्यावर हातपाय धुऊन ती आधी तेच उघडते. तिच्या ओसरीवर आता शेजारच्या चार घरच्या बायका बसतात.