मांगा

मांगा : जपानी चित्रकथांचा प्रकार. पाने उजवीकडून डावीकडे वाचली जातात. चित्रे बहुधा काळ्या-पांढऱ्या रंगांत असतात. कथा आधी नियतकालिकात क्रमशः आणि मग पुस्तकरूपाने निघते.

उगम : याविषयी मतभेद आहेत. जुन्या मतानुसार ही परंपरा क्योतोच्या कोझान-जी मठातील ‘चोजू-गिगा’ या चार चित्रगुंडाळ्यांपर्यंत मागे जाते. त्यांचा काळ सर्वसाधारणपणे बारावे-तेरावे शतक मानतात. पहिल्या गुंडाळीत बेडूक सशाशी कुस्ती खेळताना त्याच्या कानाचा चावा घेतो आणि लगतच त्याच सशाला चीत करतो. चौकट नाही, तरी काळ पुढे सरकतो. कर्तृत्व तोबा सोजो (१०५३–११४०) या भिक्षूकडे दिले जात असले, तरी चारही गुंडाळ्या एका हातच्या नसाव्यात. चित्रकार होकुसाई याच्या ‘होकुसाई मांगा’चा (पहिला खंड १८१४) दाखलाही नेहमी दिला जातो; पण तो सुट्या रेखाटनांचा संग्रह आहे, त्यात सलग कथा नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील ‘किब्योशी’ या पिवळ्या वेष्टनाच्या पुस्तिका त्यापेक्षा जवळच्या वाटतात. त्यांत मजकूर चित्राच्या अंगावरच लिहिलेला असे. मात्र हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मागे पडला.

किताझावा राकुतेन याने १९०२ पासून ‘जीजी शिंपो’ या वृत्तपत्रात व्यंगचित्रमाला चालविली. अलीकडचे काही अभ्यासक याहून पुढे येऊन १९२३ हे वर्ष महत्त्वाचे मानतात. त्या वर्षी ‘आसाही ग्राफ’ या नियतकालिकात एका अमेरिकन चित्रमालेचे भाषांतर छापले जाऊ लागले. मांगात संवादफुगे कोठून आले, याचा उलगडा या मताने अधिक नीट होतो. गुंडाळ्यांशी सांगितलेले नाते बरेचसे मागाहून जोडलेले दिसते.

कथन व चित्रण : तेझुका ओसामू (१९२८–८९) आणि साकाई शिचिमा यांच्या ‘शिन ताकाराजिमा’ (१९४७) या मांगाच्या आरंभी एक मुलगा मोटारीतून बंदराकडे निघतो, आणि एवढ्याशा प्रसंगाला अनेक चौकटी दिल्या आहेत. घटना थोडी, चौकटी पुष्कळ, हे मांगाचे वैशिष्ट्य येथे ठळक दिसते. चित्रपटासारख्या या तंत्राचे श्रेय एकट्या तेझुकाला द्यावे काय, हा प्रश्न वेगळा. १९५७ मध्ये तात्सुमी योशिहिरो याने प्रौढांसाठीच्या गंभीर कथांना ‘गेकिगा’ हे नाव दिले. १९७० नंतर हागिओ मोतो, ताकेमिया केइको आदी लेखिकांनी मुलींच्या मांगात चौकटी मोडल्या. मनातले विचार फुग्याबाहेर मोकळे सोडले. निःशब्दतेसाठीही मांगात ‘शीन्’ असा ध्वनिशब्द लिहितात.

मिझुकी शिगेरू (१९२२–२०१५) याची पात्रे चार-दोन रेषांची असतात, मागचे रान मात्र पानापानांनिशी ठिपक्यांत भरलेले असते. युद्धात डावा हात गमावल्यावर त्याने हे सारे उजव्या हाताने केले. त्याच्या भुताखेतांच्या कथांना जपानी लोककथांचा आधार आहे.

क्योतो येथे २००६ मध्ये एका जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत मांगा संग्रहालय सुरू झाले.