४० अंश म्हणजे २० अंशांची दुप्पट नव्हे

एप्रिलमध्ये पुण्यात पहाटे २० अंश सेल्सिअसवर असलेला पारा दुपारी ४० वर गेला की ‘सकाळच्या दुप्पट तापले’ असे सहज म्हटले जाते. हा समज चुकीचा आहे. २० अंशांचा फरक खरा आहे. मात्र ‘पट’ सांगायची तर मोजपट्टीवरील शून्याचा अर्थ ‘काहीच नाही’ असा असावा लागतो, आणि सेल्सिअसचे शून्य हा केवळ पाण्याचा गोठणबिंदू आहे. हीच तापमाने फॅरनहाइटमध्ये ६८ आणि १०४ होतात, म्हणजे दुप्पट दीडपटीवर येते, तर उणे २७३.१५ अंश सेल्सिअस या निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे ज्याखाली तापमान जाऊच शकत नाही त्या बिंदूपासून, मोजणाऱ्या केल्विन मोजपट्टीत ती सुमारे २९३ आणि ३१३ भरतात, म्हणजे वाढ जेमतेम ७ टक्के. हवा तीच असताना मोजपट्टीगणिक बदलणारे उत्तर हवेविषयी काहीच सांगत नाही. सिंहगड पुण्याच्या दुपटीहून उंच आहे हे विधानही समुद्रसपाटी शून्य धरली तरच टिकते. लांबी, वजन आणि किंमत यांना ‘पट’ निःशंकपणे लावावी. सेल्सिअसमधील तापमानाची तुलना करताना मात्र ‘इतक्या अंशांनी अधिक’ असेच लिहावे, असा माझा आग्रह आहे.