मडगाव–मुंबई : वेग नेमका कुठे अडतो?

मडगाव ते मुंबई हे रेल्वेचे अंतर सुमारे 580 किलोमीटर. पावसाळा सोडला तर वंदे भारत ते पावणेआठ तासांत कापते, म्हणजे ताशी सरासरी 75 किलोमीटर. टोकियो ते ओसाका 515 किलोमीटर, आणि तिथली सर्वांत जलद नोझोमी गाडी अडीच तासांच्या आत पोचते. हे आकडे शेजारी-शेजारी ठेवले की गोव्यातला प्रवासी विचारतो, आपल्याकडे बुलेट ट्रेन कधी? मला त्याआधी दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो. ताशी 160 किलोमीटर धावण्याची ताकद असलेली गाडी आपल्या मार्गावर 75 च्या सरासरीवर का येते?

सुरुवात वळणांपासून करू. अनमोड घाटात बस वळली की आपण बाहेरच्या बाजूला रेलतो. हा रेटा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. कोकण रेल्वे आखताना वळणाची त्रिज्या 1250 मीटरच्या खाली जाऊ दिली नाही, आणि डोंगर-खाड्यांच्या या पट्ट्यात ते मोठे धाडस होते. मार्ग 160 च्या वेगासाठी आखला गेला तो याच बळावर. पण त्याच वळणावर गाडी 320 ने नेली तर बाहेरचा रेटा गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ दोन-तृतीयांश होतो. तो पूर्णपणे पेलायचा तर रूळ 30 अंशांहून अधिक कलते टाकावे लागतील. प्रत्यक्षात अतिजलद मार्गांवरही हा कल सात अंशांच्या आसपासच असतो, कारण वळणावर एखादी गाडी थांबली तर आतले प्रवासी एका बाजूला घसरता कामा नयेत. म्हणून उपाय उरतो तो वळणच मोठे करण्याचा. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावर किमान त्रिज्या 6000 मीटर धरली आहे. जपानने 1964 मध्ये पहिला मार्ग खुला केला तेव्हा ती 2500 मीटर होती, आणि त्या निर्णयाशी त्यांचे अभियंते आजही झुंजत आहेत. एन 700 मालिकेची गाडी वळणावर आपले अंग फक्त एका अंशाने आत झुकवते. तेवढ्याने त्या वळणांवरचा वेग 255 वरून 270 पर्यंत नेता आला. एका अंशासाठी एवढा खटाटोप करणाऱ्यांविषयी मला फार आदर वाटतो.

चढाचे गणित मात्र अगदी उलटे आहे, आणि ते फारसे कुणी सांगत नाही. कुळे ते कॅसलरॉक या दूधसागरच्या घाटात चढ 37 मीटरला 1 मीटर आहे. मालगाडीला तिथे मागून जादा इंजिने लावावी लागतात. फ्रान्सने 1981 मध्ये पॅरिस–लिऑन अतिजलद मार्ग सुरू केला, तेव्हा त्यावर काही ठिकाणी 28 मीटरला 1 मीटर चढ ठेवला, म्हणजे आपल्या घाटाहूनही उभा! ताशी 300 ने येणारी गाडी, हवेचा आणि चाकांचा विरोध बाजूला ठेवला तर, इंजिन बंद करूनही नुसत्या वेगाच्या जोरावर साडेतीनशे मीटर उंची गाठू शकते. त्यामुळे टेकडी आडवी आली तर फ्रेंच अभियंत्यांनी मार्ग सरळ तिच्यावरून नेला. त्या मूळ मार्गावर एकही बोगदा नाही. कोकण रेल्वेला ही मुभा नव्हती. तिच्यावरून मालगाड्याही जायच्या होत्या, म्हणून चढ 150 मीटरला 1 मीटर इतका सौम्य ठेवावा लागला. सौम्य चढ आणि मोठी वळणे, दोन्ही एकाच वेळी हवी असतील तर सह्याद्रीच्या पायथ्याशी डोंगर पोखरण्यावाचून गत्यंतर नसते. रोहा ते ठोकूर या 741 किलोमीटरमध्ये 91 बोगदे आले ते यातूनच.

बोगद्यात वेगाने शिरणारी गाडी पुढची हवा दाबते. दाबाची ती लाट ध्वनीच्या वेगाने पुढे पळते आणि दुसऱ्या तोंडाशी स्फोटासारखा आवाज करून बाहेर पडते. गाडीचा वेग वाढला की हा आवाज साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जपानमध्ये बोगद्यांजवळच्या वस्त्यांना त्याचा त्रास होत होता. पक्षिनिरीक्षणाची आवड असलेले अभियंते एइजी नाकात्सू यांना खंड्या आठवला. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात खंड्या पाण्यात सूर मारताना पाहिला असेल, तर जवळजवळ न उडणारे पाणी लक्षात आले असेल. 1997 मध्ये धावू लागलेल्या 500 मालिकेच्या गाडीला त्या चोचीच्या आकाराचे सुमारे 15 मीटर लांब नाक मिळाले.

आता वेळेचा हिशोब. आपल्या 580 किलोमीटरवर सरासरी 75 वरून 150 झाली तर जवळजवळ चार तास वाचतात. 150 वरून 225 झाली तर सव्वा तास. 225 वरून 300 वर नेली तर फक्त चाळीस मिनिटे. उलट खर्च वेगाबरोबर चढत जातो. 150 च्या तुलनेत 300 ला हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्याला तोंड द्यायला शक्ती आठपट लागते. म्हणजे सर्वांत मोठी बचत सर्वांत खालच्या पायऱ्यांवर आहे. कमाल वेगाचे आकडे बातम्यांत झळकतात, पण चवथीला घरी येणाऱ्याला हवी असते ती सरासरी.

सरासरी खाली खेचणारी कारणे आपल्या ओळखीची आहेत. बहुतेक मार्ग एकेरी आहे, त्यामुळे समोरची गाडी येईपर्यंत कुणीतरी क्रॉसिंगला थांबणारच. रोहा ते वीर हा जेमतेम 47 किलोमीटरचा तुकडा 2021 मध्ये दुहेरी झाला. दुसरे कारण पाऊस. जांभ्याच्या टणक थराखाली बऱ्याच ठिकाणी चिकणमाती असते. पाणी तिच्यात मुरले की मातीच्या कणांमधला दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते, आणि कटिंगचा, म्हणजे रुळांसाठी कापलेल्या डोंगराचा, उतार खाली येतो. 2003 मध्ये वैभववाडीजवळ आणि 2004 मध्ये करंजाडीजवळ दगड-दरडींमुळे भीषण अपघात झाले. पावसाळी वेळापत्रकात गाड्या मंद धावतात, मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले की वेग ताशी 40 वर आणतात, आणि त्या काळात वंदे भारतलाही दहा तास लागतात. या सावधगिरीला मी उशीर म्हणणार नाही. त्या उतारांखालून जाताना ती हवीच.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की गोव्याने आधी दुहेरी मार्गासाठी आणि कटिंगचे उतार पक्के करण्यासाठी पैसा मागावा. 160 चा वेग मूळ आखणीतच धरलेला आहे. सरासरी 100 जरी मिळाली तरी मुंबई सहा तासांच्या आत येते, आणि त्यासाठी खंड्याची चोच लागत नाही. अवघड जागा मात्र आपल्याच हद्दीत आहेत. पेडण्याच्या बोगद्याने खोदतानाच मऊ मातीमुळे अभियंत्यांना फार छळले होते, आणि ऑगस्ट 2020 मध्ये त्याच्या भिंतीचा भाग कोसळून गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. दुहेरी मार्ग करायचा तर त्याच मातीतून आणखी एक बोगदा न्यावा लागेल, किंवा तिला वळसा घालावा लागेल.