कॅट, मॅट की थेट हायकोर्ट? सरकारी नोकरीचा वाद नेमका कुठे न्यायचा

केंद्राचे कायदे आणि राज्याचे कायदे यांच्यासाठी अमेरिकेत वेगवेगळी न्यायालये आहेत. आपल्याकडे तसे नाही, तालुक्याचे न्यायालयसुद्धा दोन्ही कायदे लावते. त्यामुळे बदली, बढती किंवा भरतीचा वाद घेऊन लोक सरळ दिवाणी न्यायालयात नाहीतर हायकोर्टात जातात आणि परत पाठवले जातात. सरकारी नोकरीच्या बाबतीत केंद्र आणि राज्य यांची दारे खरोखरच वेगळी आहेत. 1985 च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याने ती केली.

केंद्राच्या नोकरीसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे कॅट. महाराष्ट्र शासनाच्या नोकरीसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. त्याचे कामकाज मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे चालते. भरतीचे वादही यातच येतात, म्हणजे अजून नोकरी न लागलेल्या उमेदवारालाही हेच दार. तलाठी किंवा पोलीस भरती असेल तर मॅट, रेल्वे किंवा टपाल खात्याची असेल तर कॅट.

इथवर सोपे वाटते. गफलत होते ती पुढे. आयएएस, आयपीएस अधिकारी राज्यात काम करतात, पगार राज्याच्या तिजोरीतून घेतात, पण अखिल भारतीय सेवेत असल्याने त्यांचा वाद कॅटपुढे जातो. जिल्हा परिषद किंवा महापालिकेचा कर्मचारी स्वतःला राज्य सरकारचाच समजतो. त्याचा अर्ज मात्र मॅट घेत नाही, त्याला शेवटी हायकोर्टच. सार्वजनिक महामंडळांपैकी केंद्राने अधिसूचना काढून जोडलेलीच कॅटकडे येतात. बीएसएनएल येते, राष्ट्रीयीकृत बँका येत नाहीत. लष्कर, नौदल आणि हवाई दलासाठी 2007 च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. सीआरपीएफ, बीएसएफच्या जवानाला ना ते चालते ना कॅट, त्याने हायकोर्टातच जायचे. न्यायालयांचे कर्मचारीही या कायद्याबाहेर आहेत. म्हणून खात्याचे नाव वाचून अंदाज बांधू नका. नेमणुकीचा आदेश काढा आणि नेमणूक करणारा प्राधिकारी कोण, ते बघा.

कॅट किंवा मॅट लागू असेल तर थेट हायकोर्टात जाता येत नाही. 1997 च्या एल. चंद्रकुमार निकालाने सर्वोच्च न्यायालयाने हे पक्के केले: आधी न्यायाधिकरण, मग त्याच्या निकालाविरुद्ध हायकोर्टाचे दोन न्यायमूर्तींचे खंडपीठ.

आता मुदत. सर्वाधिक अर्ज बुडतात ते इथेच. अंतिम आदेशापासून एक वर्ष. सेवानियमांत अपील असेल तर ते आधी करायचे. अपील किंवा निवेदन देऊन सहा महिन्यांत काहीच उत्तर आले नाही, तर ते सहा महिने संपल्यावर एक वर्ष. मार्च 2024 मध्ये दिलेल्या निवेदनावर कोणी काही कळवलेच नाही, तर वर्ष सप्टेंबर 2024 पासून मोजा.

लोक काय करतात? पहिल्याचे उत्तर नाही म्हणून दुसरे निवेदन, मग स्मरणपत्र, मग मंत्र्यांना पत्र. प्रत्येक पत्रागणिक मुदत नव्याने सुरू होते असा ठाम समज असतो, आणि कार्यालयातले अनुभवी सहकारीच तो पसरवतात. तसे होत नाही. राष्ट्रपती किंवा राज्यपालांना पाठवलेल्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचीही गरज नसते. वाट पाहणाऱ्याचेच वर्ष सरते, साहेबांचे काही जात नाही.

आणि मग तो कागद, जो कोणाकडेच नसतो: निवेदनाची पोच. लिपिकाच्या टेबलावर अर्ज ठेवून माणूस घरी येतो. पुढे कार्यालय म्हणते, असे काही मिळालेच नाही. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. आदेश तोंडी असेल तर तो लेखी मागा. जुन्या आदेशाची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, पण त्या उत्तराची वाट पाहत मुदत घालवू नका.

बाकी अर्ज नेहमीसारखाच: ठरलेला नमुना, आदेशाची प्रत, निवेदन व पोच, वकीलपत्र, पानांना क्रमांक. कॅटचे शुल्क 50 रुपये आहे. मराठी कागदांचे भाषांतर तिथे जोडावे लागते, त्याला वेळ धरा. अर्ज साधारणपणे आपली नेमणूक जिथे आहे किंवा वाद जिथे उपजला तिथल्या खंडपीठात करायचा. निवृत्त माणसाला राहत्या ठिकाणच्या खंडपीठातही करता येतो.

मुदत गेलीच असेल तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज मूळ अर्जासोबतच द्या. चुकीच्या न्यायालयात गेलेला काळ त्यात तारखांसह लिहा आणि तिथल्या आदेशाची प्रत लावा. ‘आजारी होतो’ एवढ्या एका ओळीने काही होत नाही, दवाखान्याचे कागद हवेत.