अ‍ॅनाकोंडा की अजगर? पडद्यावरचा साप नेमका कोणता

भलामोठा साप दिसला की आपण कधी ‘अजगर’ म्हणतो, कधी ‘अ‍ॅनाकोंडा’, आणि दोन्ही एकच समजतो. सिनेमावालेही तेच करतात. १९९७च्या ‘अ‍ॅनाकोंडा’नंतर २००४मध्ये जो दुसरा भाग आला, त्याची गोष्ट आग्नेय आशियातल्या बोर्निओ बेटाच्या जंगलात घडते. बोर्निओत अ‍ॅनाकोंडा नाहीच! तो दक्षिण अमेरिकेतला, अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोको खोऱ्यांतल्या दलदलीतला. बोर्निओत राहतो तो जाळीदार अजगर. सापाची लांबी फुगवली तर एक वेळ चालेल, पण हे म्हणजे वाघाची गोष्ट आफ्रिकेत घडवण्यासारखं झालं.

अजगर लांबीत भारी, अ‍ॅनाकोंडा वजनात. बोर्निओच्या कालिमंतान भागात मोजलेला एक जंगली जाळीदार अजगर ६.९५ मीटर भरला, पण वजन फक्त ५९ किलो. बरेच दिवस तो उपाशी होता म्हणा. उलट हिरव्या अ‍ॅनाकोंडाची मोठी मादी पाच मीटरच्या आसपास असूनही शंभर किलोच्या घरात जाते. एवढं धूड जमिनीवर ओढणं जिकिरीचं, म्हणून ती पाण्यात राहते. तिचे डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या अंगाला असतात. गढूळ पाण्यावर तेवढेच दिसतात, बाकीचा साप खाली. अजगराच्या ओठांवर मात्र बारीक खळगे असतात आणि त्यांनी तो अंधारातही भक्ष्याच्या अंगाची ऊब टिपतो. अ‍ॅनाकोंडाला हे खळगे नाहीत. शिवाय अजगर अंडी घालतो, अ‍ॅनाकोंडा थेट पिल्लांना जन्म देतो. पडद्यावर अ‍ॅनाकोंडाची अंडी दिसली, तर लेखकाने अजगराचं पुस्तक उघडलं होतं असं समजा.

आता पडद्यावरचा साप. पहिल्या सिनेमाच्या सुरुवातीची पाटीच सांगते की अ‍ॅनाकोंडा चाळीस फुटांपर्यंत वाढतो आणि पुन्हा खाता यावं म्हणून गिळलेलं भक्ष्य ओकतो. तीस फुटांचा जिवंत साप आणून देणाऱ्याला न्यूयॉर्कच्या प्राणिसंस्थेने अनेक वर्षं बक्षीस ठेवलं होतं. रक्कम वाढत वाढत ५०,००० डॉलरवर गेली, तरी ते कुणालाच मिळालं नाही. ओकण्याबद्दल म्हणाल तर साप ओकतो तो घाबरून, पळताना अंग हलकं व्हावं म्हणून. एवढ्या कष्टाने गिळलेलं जेवण हौसेने कोण टाकेल? एकदा पोट भरलं की तो कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे पडून असतो; माणसामागून माणूस गिळत सुटत नाही. पाठलाग तर विसराच. जमिनीवर हे दोन्ही साप इतके सावकाश सरकतात की भरभर चालणारा माणूसही पुढे निघून जाईल. आणि सिनेमातल्या सापाची ती किंकाळी! सापाच्या घशातून फार तर फूत्कार निघतो.

विळख्याचं चित्रणही फसवं असतं. हाडं कडाकड मोडल्याचा आवाज ऐकवतात. खरा विळखा त्यापेक्षा शांत. भक्ष्याने उच्छ्वास टाकला की तो थोडा आवळतो. श्वास कोंडून प्राणी मरतो असं आपण शाळेत शिकलो, पण २०१५मध्ये अ‍ॅनाकोंडाच्याच कुळातल्या बोआ सापांवर झालेल्या प्रयोगात वेगळंच दिसलं: विळख्यातल्या उंदराचं रक्ताभिसरणच काही सेकंदांत कोलमडलं.

माणूस गिळण्याचा प्रसंग मात्र निव्वळ थाप नाही. इंडोनेशियात २०१७ आणि २०१८मध्ये जाळीदार अजगरांच्या पोटातून माणसांचे मृतदेह काढावे लागले. अ‍ॅनाकोंडाच्या नावावर अशी एकही सिद्ध झालेली घटना नाही. म्हणजे भीती अजगराची आणि बदनामी अ‍ॅनाकोंडाची.

गंमत अशी, की ही अदलाबदल सिनेमाने सुरू केलेली नाही. १६९३मध्ये जॉन रे या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने म्हशींना चिरडणाऱ्या एका सापाचं नाव ‘अनाकांडाया’ असं नोंदवलं. तो साप सिलोनचा होता, आणि तिथे एवढा मोठा साप एकच, अजगर. अ‍ॅमेझॉनच्या सापाला ते नाव नंतर चिकटलं.