जिंकल्यानंतर काय? किशोर थरारमालिकांची पार्श्वभूमी

नागपुरात बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ठेल्यांवर किशोरांच्या इंग्रजी थरारमालिकांचे पहिले भाग सहज सापडतात. तिसरा भाग मात्र शोधत फिरावं लागतं. याचं मूळ या प्रकारातच आहे. 'जगेल की मरेल?' एवढ्यावर उभी असलेली गोष्ट नायक जगला की संपते. पुढचा भाग मग कशाच्या बळावर लिहायचा?

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला हा प्रश्न पडला नाही. फुरसुंगीचा बन्या दर पुस्तकात नव्या भानगडीत पडतो, जुन्या संकटाचं ओझं त्याच्यावर नसतं. अमेरिकेत गॅरी पॉलसन यांचं 'हॅचेट' १९८७ मध्ये आलं. विमान कोसळल्यावर कॅनडाच्या जंगलात एका कुऱ्हाडीच्या भरवशावर तग धरणारा तेरा वर्षांचा ब्रायन हिवाळ्याआधीच सुटतो. वाचकांना तो हिवाळा हवा होता, म्हणून पॉलसन यांनी १९९६ मध्ये सुटका झालीच नाही असं धरून 'ब्रायन्स विंटर' लिहिलं. युक्ती सुंदर, पण एकदाच चालणारी.

खरी वाट सुझान कॉलिन्स यांनी दाखवली. टीव्हीवर चॅनेल बदलताना एकीकडे रिॲलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्ध दिसलं, त्यातून 'द हंगर गेम्स' सुचल्याचं त्या सांगतात. सत्ता दरवर्षी किशोरांना आखाड्यात उतरवून मरेपर्यंत लढवते आणि तो खेळ टीव्हीवर दाखवते, अशी ही गोष्ट. २००८ च्या त्या पुस्तकानंतर २००९ मध्ये 'कॅचिंग फायर' आलं. नायिका कॅटनिस पुन्हा आखाड्यात उतरते, तरी कथा शिळी वाटत नाही, कारण पहिल्या भागातलं तिचं जिंकणंच सत्तेला बंड वाटलेलं असतं. २०१० चं 'मॉकिंगजे' खेळ सोडून थेट युद्धात शिरतं. पुष्कळांना ते जड आणि उदास वाटलं. मला मालिकेतलं सगळ्यात प्रामाणिक पुस्तक तेच वाटतं. इतकी मरणं पाहिलेली सतरा वर्षांची मुलगी आतून मोडणारच, आणि कॉलिन्स ते मोडणं लपवत नाहीत. त्यांचे वडील व्हिएतनाम युद्धात होते.

चक्रव्यूहात अडकलेल्या मुलांच्या 'द मेझ रनर' मालिकेची ओढ मात्र ती मुलं बाहेर पडल्यावर ओसरते. 'डायव्हर्जंट' या अशाच मालिकेवरचा ठरलेला शेवटचा चित्रपट तर निघालाच नाही.

पुढे कॉलिन्स मागे वळल्या: २०२० मध्ये दहाव्या खेळाची गोष्ट, २०२५ मध्ये पन्नासाव्याची. त्या पन्नासाव्या खेळात हेमिच, म्हणजे पुढे कॅटनिसचा मार्गदर्शक होणारा, जिंकतो हे वाचकाला आधीच ठाऊक असतं. तरी 'सनराइज ऑन द रीपिंग' सोडवत नाही, कारण खरं घडलेलं जगापासून कसं झाकलं गेलं, हे त्यात उलगडतं. म्हणून नव्या वाचकाने कथेतल्या काळाच्या क्रमाने जाऊ नये, २००८ च्या पुस्तकापासूनच सुरुवात करावी.